राजिवड्यातला लंडनचा नंबर

जन्नतचाचीला फोनची गरजच काय, असं रत्नागिरीच्या राजिवड्यात कुणीही विचारलं असतं. ती दारात उभी राहून हाक मारायची तेव्हा खाडीत जाळं टाकणारा माणूस मान वर करायचा, हाक दुसऱ्याच कुणाला असली तरी. लग्न ठरवताना हुसेन होडेकरांनी मुलगी पाहिली होती, आवाज ऐकला नव्हता. पुढे तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनात काम केलं, त्या धडधडाटात दोन्ही कान घालवले आणि जवळजवळ ठार बहिरे होऊन घरी परतले. त्यानंतर त्या दोघांचा संसार फार सुखाचा झाला.

आमचं घर त्यांच्या शेजारी. मधे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. त्यामुळे या गोष्टीतली राजिवड्याची बाजू मी माझ्या कानांनी ऐकली आहे. लंडनची बाजू त्यांच्या सुनेनं, अलफियानं, नंतर आम्हाला सांगितली. अलफिया तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही. होडेकरांच्या घरात तशी वेळच येत नाही.

चाचीला दोन मुलगे. थोरला यासीन अठ्ठ्याण्णव साली लंडनला गेला आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे टेलिफोन आला. चाचीनं फोनला क्रोशाचं झबलं विणलं, खाली पितळी तबक ठेवलं, आणि तो वाजण्याची वाट बघायला लागली. फोन दोन्ही ईदना वाजायचा. दोन-तीन मिनिटं झाली की यासीन म्हणायचा, "मां, बिल चढतंय, ठेवतो." एका बांगड्याच्या भावावरून बाजारात अर्धा तास बोलू शकणारी ही बाई त्या फोनवर मात्र "बरा आहेस ना? जेवतोस ना? बाळ कसं आहे?" एवढंच भराभर बोलायची, कारण तिकडे पोराचं बिल चढत होतं. फोन ठेवला की तेच संभाषण आमच्या काशीला, म्हणजे माझ्या बायकोला, ती दुपारभर सांगायची. त्यात मूळ संभाषण कमी आणि ती काय काय विचारणार होती तेच जास्त असायचं.

धाकटा झैन दोन हजार दोन साली गेला. त्याचं लग्नही तिकडेच झालं. चाचीच्या मावसबहिणीनं, तस्नीमनं, ते जमवलं. तस्नीम लंडनला जाऊन तीस वर्षं झालेली, मोठं घर, मोठा गोतावळा, आणि तिकडच्या कोकणी मंडळींत जन्म, लग्न, मयत काहीही असो, तिच्या परवानगीशिवाय पार पडत नसे. झैनचा फोन सुरुवातीला यायचा, मग ईदलाच यायला लागला, मग एका ईदला आला नाही. "त्याचं बिल जास्त येत असेल," चाची म्हणाली. "धाकट्याचा पगार कमी."

दोन हजार सहाच्या डिसेंबरात अलफिया भावाच्या लग्नाला आली. तिचं माहेर खाडीपलीकडे कर्ल्याला. यासीनला रजा नव्हती म्हणून ती मुलांना घेऊन एकटीच आली होती. लंडनला ती एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करायची. दुखऱ्या दाताचा माणूस फोनवर कसा बोलतो हे दिवसभर ऐकून तिच्या अंगात एक गार शांतपणा मुरला होता. सासूला फोनचं झबलं झटकताना बघून तिनं सहज विचारलं, की तुम्ही यांच्याशी पोटभर बोलत का नाही. चाचीनं बिलाचं सांगितलं.

अलफियाला आधी कळेचना. तिचा नवरा रोज संध्याकाळी मित्राशी क्रिकेटवर तासभर बोलायचा. इंडियाला फोन करायची कार्डं तर लंडनच्या गल्लीगल्लीत पानविड्यासारखी मिळत होती, आणि तीही मोडीच्या भावात. हे तिनं तसंच सांगून टाकलं.

चाची गप्प बसली. ती गप्प बसली की घरातल्या मांजरासकट सगळे घाबरायचे.

"म्हणजे बिल चढत नाही?"

"नाही मां."

"कधीपासून?"

"चार-पाच वर्षं तरी झाली असतील."

चाचीनं झबलं पुन्हा फोनवर चढवलं, नीट ओढून घेतलं, आणि त्या दिवशी ती बाजारात गेली नाही.

अलफिया म्हणते, मला तेव्हाच नवऱ्याला फोन करून चार शब्द सुनावता आले असते. पण तो वकिलाला लाजवेल असा माणूस. कार्ड म्हटलं तर म्हणेल वीस आकडे दाबावे लागतात. आकडे दाबले तर म्हणेल लाइन खराब. म्हणून तिनं ठरवलं की याला एकही सबब उरता कामा नये. मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत ती एक दुपार जाऊन बसली. तेव्हा इंटरनेटवर काही कंपन्या परदेशातले नंबर द्यायच्या. नंबर लंडनचा, पण लंडनमधल्या कुठल्याही तारेला, कुठल्याही घराला न बांधलेला. तुम्ही सांगाल त्या फोनवर तो वाजायचा. लंडनमधल्या माणसानं फिरवला तर त्याला गावातल्या गावात फोन केल्यासारखं. मधला प्रवास इंटरनेटवरून व्हायचा, आणि त्याच्या पैशांची तजवीज अलफियाच्या बँकेच्या कार्डातून परस्पर. मग तिनं सासूला एक बटणांचा मोबाइल घेतला, दादूच्या पानपट्टीवरून सिमकार्ड आणलं, आणि लंडनचा नंबर त्या मोबाइलला जोडून दिला.

हे तिनं चाचीला गडग्यावर बसून समजावलं. गडग्यावर एवढ्यासाठी, की घरात मोबाइलला रेंज नव्हती. टॉवर खाडीपलीकडे. परसदारी माडाच्या बुंध्याजवळ, गडग्याच्या एका ठरावीक चिऱ्यावर बसलं तरच ती यायची.

सगळं ऐकून घेऊन चाचीनं विचारलं, "म्हणजे मी लंडनात की राजिवड्यात?"

"तुम्ही राजिवड्यात. नंबर लंडनात."

"आणि मी कोणाला फोन केला तर?"

"तुम्ही करायचा नाही मां. आता त्यांची पाळी."

अलफियानं लंडनच्या एका मैत्रिणीकडून फोन करवून बघितला. वाजला. पडद्यावर नंबर मात्र पंजाबातला कुठलासा दिसला. इंटरनेटवरून येणारे फोन कधी कुठले आकडे दाखवत, कधी नुसती शून्यं. त्यामुळे कोणाचा फोन आहे हे चाचीला उचलल्याशिवाय कळायची सोय नव्हती, आणि ते तिला आवडलं.

जानेवारीत अलफिया परत गेली. पोचल्यावर तिनं नंबर एका चिठोऱ्यावर लिहून नवऱ्याला दिला आणि म्हणाली, यांना फोन करा, तुमचं महत्त्वाचं काम आहे. तिची कल्पना अशी, की तो फोन करेल, आईचा आवाज ऐकून चकित होईल, थोडा ओशाळेल, मग बोलेल. पण यासीनचं तोंड त्याच्या कानांच्या पुढे धावतं. तिकडच्या मशिदीच्या कमिटीवर असल्यापासून तर फारच.

त्यानं फोन केला तेव्हा आमच्याकडे दुपार होती. मी परसात सायकल पुसत होतो.

"हॅलो," चाची म्हणाली. साहजिकच पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकली.

मग तिकडून बरंच काही आलं असावं. चाचीची उत्तरं मी ऐकली ती अशी: "हां, मीच." "घरी." "माझ्या घरी रे, आणखी कोणाच्या?" "तुझे बाबा पण आहेत. झोपलेत." "नाही, विमानाबिमानानं कशाला?" आणि मग ती फोनकडे बघत राहिली. काशीला म्हणाली, "ठेवला मेल्यानं. म्हणतो तू हलू नकोस, मी बघतो."

यासीननं ऐकलं होतं ते एवढंच, की लंडनच्या नंबरवरून आई बोलते आहे. आई लंडनला आली. कुणाच्या तरी घरी उतरली. सख्खे मुलगे असताना. बाबांना पण आणलंय. त्यानं अलफियाला विचारलं, मां कुठे आहे?

"तुम्हाला काय म्हणाली?"

"घरी आहे म्हणाली."

"मग घरी असेल," अलफिया म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तिचं म्हणणं, त्या क्षणी खरं सांगायचं जिभेवर आलं होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याला आईची एवढी काळजी लागलेली तिनं पाहिली. ती एका मिनिटात कशी संपवायची?

यासीननं शहानिशा म्हणून राजिवड्याच्या जुन्या फोनवर फोन केला. इतकी वर्षं चढणारं बिल त्या दिवशी चढलं नाही. फोन हुसेनचाचांनी उचलला. चाचाही लंडनलाच आलेत असं समजून बसलेला यासीन त्यांचा आवाज ऐकून आणखी गोंधळला. मां कुठे आहे, असं तो तीनदा ओरडला. चाचांना तिसऱ्यांदा ऐकू आलं.

"ती गेली," चाचा म्हणाले.

"कुठे?"

"तो तुझा लंडनचा फोन आला ना. गेली." त्यांना म्हणायचं होतं, परसात. मग नेहमीप्रमाणे त्यांनी बोलणं संपलंय असं समजून फोन ठेवून दिला.

आता शंकेला जागाच नव्हती. आई एकटीच आली होती. रागावून, बाबांना मागे ठेवून. यासीननं झैनला कळवलं आणि मग शोध सुरू केला. ज्या ज्या घरी ती उतरली असेल अशी शंका होती, तिथे तिथे फोन करून आडून आडून विचारलं. आडून विचारण्याची यासीनची पद्धत म्हणजे, "आमची मां तुमच्याकडे आहे का?" दोन दिवसांत लंडनमधल्या झाडून सगळ्या कोकणी घरांना कळलं, की जन्नत होडेकर रत्नागिरीहून आली आहे, आणि मुलांच्या घरी पाऊलही ठेवायला तयार नाही. नंबरही फिरला. तो यासीननंच दिला होता, कुणाला दिसली तर विचारा म्हणून.

इकडे गडग्यावर फोन वाजायला लागला. पहिल्यांदा कोणी वस्ता आडनावाच्या बाई होत्या, मग मालगुंडकडचे एक जण, मग आणखी कोण कोण. सगळे विचारायचे, कधी आलात, कसं वाटतंय, थंडी बाधली नाही ना. चाची म्हणायची, थंडी आहे थोडी, सकाळची. सगळे जेवायला बोलवायचे. चाची सगळ्यांना हो म्हणायची. "येईन की. बोलावलंत हेच खूप." आणि मी कुठे राहते म्हणाल तर माझ्या घरी, असं ती प्रत्येकाला सांगायची. ती त्या आठवड्यात एक शब्द खोटं बोलली नाही. मला साक्षीला बोलवा.

तस्नीमचा फोन आला तो मी मुद्दाम ऐकला. गडग्यापलीकडून तिचाही आवाज येत होता. त्या घराण्यातल्या बायका तशाच.

"माझ्याकडे उतरायला काय झालं होतं तुला?" तस्नीम म्हणाली. "चार खोल्या रिकाम्या आहेत."

"असू देत गो. मला माझं घर बरं."

"तुझं घर? कधी घेतलंस?"

"सासऱ्यांनी बांधलेलं."

चाचीचे सासरे म्हणजे गावातल्याच मिरकरवाडा बंदराच्या पुढे कधी न गेलेला माणूस. त्यांनी लंडनमध्ये घर कधी बांधलं, याचा हिशोब तस्नीमला लागेना, पण आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. "हां, ते," ती म्हणाली. मग तिनं हुकूम सोडला, की रविवारी दुपारी माझ्याकडे जेवण. सगळ्यांना बोलावते. मुलांनाही. काय रुसवाफुगवी असेल ती ताटावर मिटवू.

"ये म्हणतेस तर येते," चाची म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती गडग्यावर बसल्या बसल्या इतकी हसली, की डोक्यावरचा पदर खाली आला. काशी म्हणाली, अहो चाची, आता सांगून टाका. चाची म्हणाली, रविवारपर्यंत राहू दे गो. मला इतक्या जणांनी जेवायला कधी बोलावलं होतं?

पण रविवारच्या आधी झैनचा फोन आला. गुरुवार असावा. तो एका गोदामात काम करायचा आणि मधल्या सुट्टीत बाहेर येऊन बोलत होता. चाची नेहमीच्या थाटात, पाय हलवत चिऱ्यावर बसली होती.

"मां, तू माझ्यावर रागावून आलीस ना?" झैन म्हणाला. हे शब्द चाचीनं नंतर काशीला सांगितले, म्हणून मला ठाऊक. मला तेव्हा फक्त एवढं दिसलं, की तिचे पाय हलायचे थांबले.

ती काहीतरी चेष्टेचं बोलणार होती. पण तो थांबलाच नाही. "येण्याआधी सांगितलं असतंस तर कुठे तरी सोय केली असती. माझ्याकडे घर नाही मां. आम्ही गोदामातले चौघं एका खोलीत राहतो. ती गेली."

"कोण गेली?"

"तुझी सून. सोडून गेली, दीड वर्ष झालं. तिची चूक नव्हती, माझीही फार नव्हती. तुला कुठल्या तोंडानं फोन करणार? ईदला फोन केला असता आणि ती कशी आहे म्हणून तू विचारलं असतंस तर काय सांगणार होतो? तू आलीयस कळलं तेव्हापासून झोप नाही. तुला बसवू कुठे? खोलीत एक खुर्ची पण नाही."

चाची उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. उठलं की रेंज जायची.

"झैन, ऐक. मी राजिवड्यात आहे. आपल्या परसात. हा नुसता नंबर लंडनचा आहे, तुझ्या भाबीनं दिलेला. मी कुठेही आले नाही. तुझ्याकडे खुर्ची लागत नाही मला."

त्यानंतर ती इतकी हळू बोलली, की मी हातातली सायकल सोडून गडग्यापाशी गेलो तरी मला काही ऐकू आलं नाही. माझ्या शेजारपणाच्या तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. तासभर तरी ती तिथे होती. हुसेनचाचा मधे दोनदा चहा विचारायला येऊन गेले आणि तिचं तोंड बघून न विचारताच परत फिरले.

फोन ठेवून ती आमच्याकडे आली. काशीनं पाटावर बसवलं. चाची रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो झैनचा नव्हता. "तस्नीमनं लग्न जमवलं," ती म्हणाली. "तिला ठाऊक नसणार? यासीनला ठाऊक नसणार? अलफियाला? आठवडाभर मला अख्खं लंडन फोन करतंय. सगळ्यांना ठाऊक आहे. मला एकटीला नाही."

झैनला तिनं बजावलं होतं, की रविवारपर्यंत कुणाला काही सांगू नकोस, आणि रविवारी जेवायला ये. तो यायला तयार नव्हता. वर्षभरात तो अशा कुठल्याच जेवणाला गेला नव्हता.

शनिवारी सगळंच उधळायची वेळ आली. यासीननं आईला गाडीनं कुठून न्यायचं ते विचारायला फोन लावला. लंडनचा नंबर. पलीकडून एक बाई अतिशय गोड आवाजात बोलली. मराठीत. तुम्ही डायल केलेल्या क्रमांकावरील सेवा तात्पुरती बंद आहे. मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत.

यासीननं पुन्हा फिरवला. बाई पुन्हा मराठीत बोलली. राणीच्या राज्यात टेलिफोनवाल्यांनी मराठी कधी चालू केलं, याचा विचार करत तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. अलफिया सांगते, त्याच्या चेहऱ्यावर एक एक दिवा लागत गेलेला मला दिसत होता. सगळे लागले तेव्हा तो खुर्चीत बसला.

"ती राजिवड्यात आहे," तो म्हणाला.

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, घरी असेल."

"तुला ठाऊक होतं."

"तुम्ही मला नीट विचारलंत कुठे?"

तो खूप बोलला. तिनं कणीक मळली. शेवटी ती म्हणाली, की तस्नीमखालाला फोन करून सांगा ना, आई आलीच नाही, माझा गैरसमज झाला. यासीननं फोन हातात घेतला, पाच मिनिटं धरून बसला, आणि परत खिशात ठेवला. उद्या तस्नीमच्या घरी तीस माणसं येणार होती, त्यांतली निम्मी मशिदीची कमिटी. कमिटीला सांगण्यासारखं ते नव्हतं.

सेवा बंद पडली होती ती अगदी साध्या कारणानं. सिमकार्डची मुदत संपली होती. तेव्हा वेळेवर रिचार्ज नाही केलं, की मोबाइल कंपनी येणारे फोनही बंद करायची. फोन दुपारभर वाजला नाही तेव्हा चाचीला वाटलं, लंडन रुसलं. मग संध्याकाळी दादूकडे गेली. दादू म्हणाला, चाची, लंडनला काही झालेलं नाही, तुमची व्हॅलिडिटी संपली. ती काय असते ते समजावून घेण्यात चाचीनं अर्धा तास घालवला आणि अशी काही मुदत माणसांनाही असायला हवी होती, असं मत देऊन, रिचार्ज करून घरी आली.

रविवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर ती ठेवणीतली साडी नेसून गडग्यावर येऊन बसली. हातात ताट. भात, बोंबलाचं कालवण, वर कांदा. शेजारी हुसेनचाचा, डास हाकलायला. मी आणि काशी अलीकडे खुर्च्या टाकून. लाजायचं आता कशाला?

लंडनला दुपार होती. तस्नीमच्या दिवाणखान्यात मधली खुर्ची चाचीसाठी मोकळी ठेवली होती. यासीन आला, बरोबर अलफिया, मुलं. चाची नाही. सगळे दाराकडे बघायला लागले. यासीननं एक शब्द न बोलता खिशातून फोन काढला, नंबर फिरवला, स्पीकर लावला आणि तो मोकळ्या खुर्चीपुढच्या रिकाम्या ताटात ठेवला.

"अस्सलाम अलैकुम," ताट म्हणालं. "बसा, बसा. माझ्यासाठी थांबू नका, मी जेवतेय."

"जन्नत, तू आहेस तरी कुठे?" तस्नीम म्हणाली.

"घरी गो. आठवडाभर तेच सांगतेय."

अलफिया म्हणते, आधी एक म्हातारा हसला, मालगुंडचा. मग जो काही हशा झाला, तो शेजारच्या गोऱ्यांनी पडदा सरकवून पाहिला. यासीनही शेवटी हसला, कारण न हसणारा तो एकटाच उरला होता. प्रत्येकाला आठवायला लागलं की चाची आपल्याशी काय बोलली होती, सकाळची थंडी आणि सासऱ्यांनी बांधलेलं घर.

हसणं ओसरू दिल्यावर चाची म्हणाली, "झैन आलाय का?"

आला होता. दाराजवळ, कोट न काढता उभा होता.

"झैनची बायको गेली दीड वर्षापूर्वी. त्याला विचारून बोलतेय मी हे, काळजी नको. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तस्नीम, तुला सगळ्यांत आधी. एकानं मला सांगितलं नाही. का?"

इकडे गडग्यावर आम्हाला काहीच ऐकू येईना. रेंज गेली की काय म्हणून काशी पुढे वाकली. तिकडे तीस माणसं एका ताटाकडे बघत गप्प बसली होती.

मग तस्नीम म्हणाली, "कसं सांगणार होते? लग्न मी जमवलेलं." तिचा आवाज अगदी साधा येत होता. इतका साधा तो आधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही.

"हां," चाची म्हणाली. बोंबलाचा काटा काढून तिनं ताटाच्या कडेला ठेवला. "असू दे. आता त्याला वाढा. कोट काढायला सांगा. लाजतो तो, नको म्हणेल, दोनदा विचारा."

झैननं कोट काढला. त्याला दोनदा नाही, तीस जणांनी तीस वेळा विचारलं. पोट दुखेपर्यंत जेवला, असं त्यानंच नंतर सांगितलं.

त्या दिवसानंतर चाचीचा नंबर लंडनच्या कोकणी घरांत कायमचा झाला. कालवणात त्रिफळं किती घालायची, कोणाचं कोणाशी जमेल, रत्नागिरीत कोण वारलं, सगळ्यासाठी फोन यायचे. रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर फोन करायचा नाही एवढा एकच नियम तिनं घातला, कारण हुसेनचाचा एकटे घरात घाबरायचे. यासीन दर शुक्रवारी फोन करायला लागला. सुरुवातीला कर्तव्य म्हणून, मग सवय म्हणून. मशिदीच्या कमिटीतली भांडणं तो आईला सांगायचा आणि ती त्याला सांगायची की कोण बरोबर आहे. बरोबर असणारा बहुधा तो स्वतः नसायचा.

झैनचा फोन मात्र रोज यायचा, मधल्या सुट्टीच्या वेळात. त्याला फार बोलायचं नसायचंच. पहिले दोन-चार दिवस चाचीनं त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. ती फोन चिऱ्यावर ठेवायची आणि मासे साफ करत बसायची. तिकडे तो गोदामाच्या पायरीवर चहा घेत बसायचा. मधेच तो विचारायचा, काय आणलंस? ती म्हणायची, सौंदाळे. मग पुन्हा बराच वेळ नुसता सुरीचा आवाज आणि कावळे. काशी एकदा म्हणाली, अहो, फोन चालू आहे तुमचा. चाची म्हणाली, ठाऊक आहे. बिल चढत नाही.

दोन हजार आठच्या रमजान ईदनंतर झैन परत आला. गोदाम बंद पडलं होतं आणि दुसरीकडे काम शोधायचा कंटाळा आला होता. चाचीनं सगळ्या राजिवड्याला खीर वाटली. पहिला आठवडा ती त्याच्यामागे ताट घेऊन फिरली. दुसऱ्या आठवड्यात गडग्यापलीकडून ओरडणं ऐकू यायला लागलं: टॉवेल पलंगावर टाकतो, पंखा चालू ठेवतो, उठतो बारा वाजता. तिसऱ्या आठवड्यात ती काशीला म्हणाली, "फोनवर किती गुणी होता गो."

त्यानं मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात काम धरलं. पहाटे बोटी लागतात, तेव्हा बर्फ भरायला जावं लागतं. म्हणजे उठण्याचा प्रश्न सुटला, टॉवेलाचा राहिला. पुढच्या वर्षी ती नंबर देणारी कंपनीच बंद झाली. अलफियानं दुसरी शोधली, तिचा नंबर दुसरा. तो सगळ्यांना मीच कळवते असं चाचीनं सांगितलं आणि त्यातल्या निम्म्यांना मुद्दाम कळवला नाही. झैनचं दुसरं लग्न दोन हजार दहाला गुहागरच्या मुलीशी झालं. ते चाचीनं स्वतः जमवलं. मुलगी पाहायला गेली तेव्हा तिनं मुलीला म्हणे दुसऱ्या खोलीत जाऊन तिथून मोठ्यानं हाक मारायला सांगितलं. मुलीनं मारली. आवाज पसंत पडला.